बोट आलीये, सोडू का?

"वायर कधी खोटं बोलत नाही, भीमराज. माणसं बोलतात!"

चाकणच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये, शुक्रवारच्या जेवणाच्या सुट्टीत, नंदकिशोर सबनीसांनी हे वाक्य टाकलं आणि ते आजूबाजूच्या टेबलांवर नीट पोचलं का, हे मान वळवून पाहून घेतलं. कंपनी मालट्रकांचं वायरिंग बनवायची आणि सबनीस तिथे सत्तावीस वर्षं टेस्टिंगला होते. ट्रकच्या दारावर नुसती टिचकी मारून ते कुठली वायर सुटलीये ते सांगतात, असं लोक म्हणायचे. म्हणजे, तसं सबनीस म्हणायचे आणि लोक ऐकून घ्यायचे.

समोर बसलेला भीमराज मात्र मनापासून ऐकत होता. तो असेंब्लीला होता, धरणाकडच्या मेदगावचा. आज त्याने डबासुद्धा उघडला नव्हता.

"पर सायेब, ह्यो ट्रक न्हाई. बोट हाय."

"बोट?"

मग भीमराजने सगळं सांगितलं. धरणाच्या अलीकडे मेदगाव, तिथेच आठवीपासूनची शाळा; पलीकडे आंबेकडा. पाण्यातून दहा मिनिटं, पण रस्त्याने जायचं तर एकोणीस किलोमीटरचा वळसा. जुनी लाकडी नाव गेल्या वर्षी मोडली. त्यानंतर आंबेकड्याच्या आठ पोरी आठवीत जायच्या होत्या, त्यातल्या पाच घरी बसल्या. तेव्हा भीमराजच्या आत्याने, गोजाबाईंनी, बचत गटाच्या बायका गोळा केल्या आणि एका रिसॉर्टने विकायला काढलेली दहा माणसांची फायबरची बोट आणली. बोट झकास! मागे टांगलेलं इंजिन झकास! फक्त पुढचा मीटर वेडा झालेला. इंजिन बंद असताना मिनिटाला पाच हजार फेरे दाखवायचा आणि चालू केलं की नुसत्या आडव्या रेघा. सोमवारी निरीक्षक तपासणीला येणार होते. मीटर बंद म्हणजे परवाना नाही, आणि पुढची तपासणी थेट दिवाळीनंतर.

"मुंबैचा मेकॅनिक म्हनतो, पंधरा दिस थांबा. म्हनं, बोटीत नेटवर्क असतंय."

'नेटवर्क' ऐकल्यावर सबनीसांनी चमचा खाली ठेवला. पैलवानाने शड्डू ठोकावा तसा.

"अरे, ट्रकमध्ये तरी काय असतं? एक मुख्य केबल आणि तिला फुटलेल्या फांद्या. इंजिन बोलतं, टाकी बोलते, मीटर ऐकतो. बोट म्हणजे पाण्यात पडलेला ट्रक! रविवारी घेऊन ये माझ्याकडे मोशीला. चहाला उकळी येईस्तोवर चालू करून देतो!"

"काय काय आनू?"

"मीटर आण की! वायरिंगसकट आण. पण एकही वायर तोडायची नाही हां. जसंच्या तसं माझ्यासमोर यायला पाहिजे."

भीमराजने मान डोलावली. तो सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस होता. कंपनीत त्याला त्याबद्दल दोनदा बक्षीसही मिळालं होतं.

रविवारी सकाळी साडेसातला सबनीसांच्या घरातला इंटरकॉम वाजला. सुहासिनीबाई पोहे भिजवत होत्या, म्हणून सबनीसांनीच उचलला.

"साहेब, गेटवरून भैरू बोलतोय. तुमच्याकडं बोट आलीये. सोडू का?"

"काय आलंय?"

"बोट, साहेब. लै मोठी हाय. ॲपमध्ये पाहुणे, कुरिअर, टॅक्सी आणि कामवाली, एवढंच दिसायलंय. कशात टाकू?"

सबनीस बाल्कनीत धावले. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना दिसलं, की गेटबाहेर एक पिकअप उभी आहे, तिच्या मागे चाकांच्या गाड्यावर वीस फुटी पांढरीशुभ्र बोट आहे, आणि बोटीत मधल्या फळीवर नऊवारीतल्या एक बाई मांडी घालून बसल्या आहेत. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट!

"पाहुण्यांत टाक," सबनीस हताशपणे म्हणाले.

"किती जण लिहू?"

खाली पोचेपर्यंत बोट पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये चार गाड्यांची जागा अडवून स्थिरावली होती. भीमराज हसतमुखाने पुढे आला.

"आनली बगा सायेब! जशीच्या तशी!"

"अरे, मी मीटर आणायला सांगितला होता!"

"वायरिंगसकट म्हनला व्हता. वायरिंग बोटीच्या पोटात हाय. एक बी वायर तोडायची न्हाई म्हनला व्हता."

सबनीस वर बाईंकडे वळले. "नमस्कार. आपण गोजाबाई ना? उतरा की, वर घरी चला. चहा घ्या."

"न्हाई सायेब. बोट बायकांनी माझ्या भरवशावर दिलीया. ती हाय तितं मी हाय." गोजाबाईंनी पिशवीतून घेवड्याच्या शेंगा काढल्या आणि मांडीवर परात घेतली.

"आणि हे जॅकेट?"

"चाकनचा रस्ता हाय, बाबा! पान्यात मला एवढी भीती न्हाई वाटत."

सबनीसांनी मग अवजारांची पेटी आणली, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटीच्या नाकात शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले.

इकडे सोसायटी जागी होत होती. स्वरगंगा हाइट्समध्ये चार विंग, एकशे बावन्न फ्लॅट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. इंद्रायणी इथून हाकेच्या अंतरावर. गेल्याच आठवड्यात ती पुलाखालच्या दगडांपर्यंत चढून परत गेली होती. आज आभाळ भरलेलं होतं, मधूनच भुरभुर चालू होती. अशा वेळी डी विंगमधल्या कोणीतरी बाल्कनीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'सोसायटीत बोट का आली आहे?'

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'कमिटीने मागवली असणार. पूर्वतयारी.'

'कसली पूर्वतयारी???'

'वरच्या धरणातून विसर्ग वाढवणार आहेत असं ऐकलं.' कोणाकडून ऐकलं हे कोणी विचारलं नाही.

'बोटीत एक बाई लाइफ जॅकेट घालून बसल्या आहेत. आपत्ती व्यवस्थापनाच्या असाव्यात.'

'शांतपणे शेंगा सोलत आहेत. अनुभवी वाटतात.'

खरी गोम अशी होती, की सबनीसांचा फोन वर घरी चार्जिंगला होता. त्यामुळे फेरफटका मारून आलेले बी विंगमधले एक गृहस्थ बोटीजवळ येऊन दबक्या आवाजात बोलले, तेव्हा सबनीसांना वाटलं, आपल्या कामाचीच चौकशी चाललीये.

"सबनीस, साधारण किती वाजेपर्यंत?"

"अकरा!" बोटीच्या नाकातून आवाज आला. "फार फार तर साडेअकरा!"

"पूर्ण?"

"पूर्ण म्हणजे? तळापासून वरपर्यंत! अर्धवट काम मला चालत नाही!"

गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. मिनिटभरात ग्रुपवर आलं: 'खात्रीलायक. अकरा ते साडेअकरा. तळापासून वरपर्यंत.'

आत सबनीसांची अवस्था मात्र खात्रीलायक नव्हती. बॅटरी तपासली, चांगली होती. फ्यूज तपासला, चांगला होता. मीटर चालू केला तर पडदा लख्ख उजळला आणि त्यावर दिसलं: फेरे पाच हजार आठशे, इंधन एकशे चाळीस टक्के! टाकीत टाकीपेक्षा जास्त पेट्रोल! मग सबनीसांनी एकेक फांदी सोडवून पाहिली. टाकीची सोडवली, इंजिनची सोडवली, परत जोडली. पडद्यावर फक्त आडव्या रेघा आल्या. चहाला उकळी येऊन, चहा पिऊन, कप विसळूनही झाले.

"गावतंय का सायेब?" भीमराजने विचारलं.

"सापडतंय, सापडतंय. जवळ आलोय." हे वाक्य सबनीस सत्तावीस वर्षं साहेबांना सांगत आले होते. भीमराजला ते पटलं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

गोजाबाई शेंगांमधून मान वर न काढता म्हणाल्या, "आंबेकड्याची रखमा लई हुशार पोर हाय. आटवीच्या पुस्तकाला नवं कव्हर घालून ठिवलंय तिनं. रोज काढती, पुसती, परत ठिवती."

सबनीस परत आत शिरले. आता त्यांचं लक्ष नुसतं मीटरवर नव्हतं, त्या पुस्तकाच्या कव्हरवरही होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. एक लाल वायर त्यांनी सोडवली, ती बाजूच्या दुसऱ्या टोकाला चिकटली, आणि बोटीचा भोंगा सुरू झाला.

भोंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

तो भोंगा धरणाच्या दोन्ही काठांना ऐकू जावा म्हणून बनवलेला होता. चार विंगच्या मधल्या चौकात तो असा घुमला, की बाल्कन्यांतली कबुतरं उडाली, तीन गाड्यांचे अलार्म सुरू झाले आणि वायर सुटेपर्यंत दीड मिनिट गेलं. दीड मिनिटात माणूस बराच विचार करू शकतो. स्वरगंगा हाइट्सने केला.

पार्किंगमधून गाड्या निघू लागल्या. एकामागून एक, हेडलाइट लावून, हायवेच्या उड्डाणपुलाकडे! सबनीसांनी डोकं बाहेर काढलं. "आज सगळे कुठे सहलीला चाललेत का रे?"

"रविवार हाय, सायेब," भीमराज म्हणाला.

एवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षा विजयश्री मॅडम तरातरा आल्या. त्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि सोसायटीतही त्याच आवाजात बोलत.

"मिस्टर सबनीस! हा काय प्रकार आहे? पार्किंगचा नियम क्रमांक नऊ माहितीये ना? सकाळपासून मला एकवीस फोन आलेत! मी आत्ता ग्रुपवर लिहिणारच आहे..." त्यांनी फोन वर केला आणि त्यांची नजर बोटीत पसरलेल्या वायरींवर गेली. "हे मल्टिमीटरवर एकशे वीस का येतंय?"

सबनीसांनी खाली पाहिलं. भोंगा बंद करायच्या गडबडीत त्यांनी बॅटरी काढली होती, आणि मल्टिमीटरच्या तारा मुख्य केबलवर तशाच राहिल्या होत्या. नेमके एकशे वीस ओहम!

सबनीस ताडकन उभे राहिले. फळीवर डोकं आपटलं, पण त्यांना ते कळलंच नाही.

"मॅडम! साठ यायला पाहिजे! केबलच्या दोन टोकांना दोन टोप्या असतात. प्रत्येकीत एकशे वीसचा रेझिस्टर. दोन्ही असल्या की..."

"समांतर जोडणी. साठ."

"आणि एकशे वीस आलं म्हणजे..."

"एक टोपी गायब!" दोघं एकदम ओरडले.

खरं तर ट्रकला ही तपासणी सबनीस सगळ्यात आधी करायचे. रोज करायचे. नव्या पोरांना त्यावर अर्धा तास व्याख्यान द्यायचे. बोट म्हटल्यावर त्यांना काहीतरी भारी बिघाड हवा होता, म्हणून ते दोन तास भारी बिघाड शोधत बसले. हे त्यांनी मॅडमना सांगितलं नाही.

सगळे मागच्या फळीखाली वाकले. केबलचं शेवटचं टोक सापडलं. तिथे टोपी नव्हती. तिथे काहीतरी पिवळट, दगडासारखं घट्ट बसलेलं होतं. सबनीसांनी ते नखाने उकरलं, हुंगलं.

"ही कणीक आहे!"

"व्हय, मीच लावली," गोजाबाई म्हणाल्या. "भोक उघडं व्हतं. पानी शिरलं आसतं की!"

"पण उघडं केलं कोणी?"

भीमराज बोटीच्या कडेचा रंग निरखू लागला. "त्ये... पूजेच्या दिवशी लायटिंगची माळ लावायची व्हती. त्या टोपीला काय बी जोडलेलं नव्हतं ना, सायेब. मला वाटलं, बिनकामाची हाय. काढली, तर माळ काय बसंना. आन् टोपी गेली पान्यात."

"भीमराज, जिला काही जोडलेलं नसतं, तीच तर..." सबनीस थांबले. मेदगावच्या पूजेत हे सांगायला होतं तरी कोण? आणि रविवारी मोशीत ती टोपी मिळणार कुठे?

"टोपी कशाला? रेझिस्टर पाहिजे ना?" विजयश्री मॅडमचे डोळे चमकले. "तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्यांचा! माझ्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलचा डबा आहे. थांबा!" आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या मॅडम सी विंगकडे चक्क पळत सुटल्या. फोन बोटीतच राहिला. ग्रुपवर लिहायचंही राहिलं.

कणीक घासून काढायला टूथब्रश हवा, म्हणून सबनीसांनी सुहासिनीबाईंना हाक मारली. त्या खाली आल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर टूथब्रशचा विषय दिसत नव्हता.

"अहो, आपल्या हॉलमध्ये तीन फ्रिज आलेत."

"कोणाचे?"

"तळमजल्यावरच्या तिन्ही बिऱ्हाडांचे. दुर्गाबाई लोणच्याच्या बरण्या घेऊन आपल्या पलंगावर बसल्यात. म्हणतात, सबनीसांना सगळं आधीपासून माहीत होतं, म्हणून त्यांनी बोट मागवली. मी चहा ठेवलाय सगळ्यांना, पण हे काय चाललंय?"

"नंतर! नंतर सांगतो! आधी ब्रश!"

कणीक निघाली. रेझिस्टर आला, शेंगदाण्यापेक्षा लहान, तपकिरी-लाल-तपकिरी. सबनीसांनी त्याचे पाय नेमक्या दोन छिद्रांत बसवले आणि मॅडमनी मल्टिमीटर धरला. आकडा थरथरला आणि थांबला.

"साठ!" मॅडमनी असं जाहीर केलं, जणू सबनीस विशेष प्रावीण्यात आले होते.

बॅटरी जोडली. पडदा उजळला. एकशे चाळीस टक्के इंधन गेलं आणि त्या जागी शहाणा, समंजस आकडा आला: अकरा टक्के. फेरे शून्य. सबनीसांनी बाहीने मीटरची काच पुसली. आता फक्त इंजिन चालू करून बघायचं होतं, आणि इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं. धरणात ते खालून आपोआप मिळतं. पार्किंगमध्ये काय करायचं? भीमराजने इंजिनच्या पायाला दोन रबरी कप लावले, कानाला हेडफोन लावतात तसे, आणि त्यांना बागेची नळी जोडली. नळ होता गेटजवळ, भैरूच्या चौकीमागे. तेवढ्या लांब आवाज पोचवायला सबनीसांनी छाती भरून श्वास घेतला.

"भैरूऽऽऽ! पाणी सोऽऽऽड!"

"काऽऽऽय?"

"पाणी सोड! पूर्ण सोऽऽऽड!"

"सोडलं, साहेऽऽऽब! पाणी सोडलंऽऽऽ!"

चारही विंगच्या चौकात हे शब्द तीनतीनदा घुमले, आणि त्याच क्षणी इंजिन गर्जत चालू झालं.

पुढचं वर्णन करायला सबनीसांना नंतर कधीच नीट जमलं नाही. जिन्यांतून माणसं उतरत होती, जिन्यांतून माणसं चढत होती आणि पहिल्या मजल्यावर दोन्ही प्रवाह एकमेकांत अडकले होते. कोणी टीव्ही कवेत घेतला होता, कोणी कुंडी. एक आजोबा पोहायची फुगवलेली ट्यूब कमरेला लावून अत्यंत शिस्तीत बोटीसमोर रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागे लगेच रांग लागली!

"आधी ज्येष्ठ नागरिक!" आजोबा म्हणाले.

"दहाच माणसं बसतात म्हणे!"

"मेंटेनन्स भरलेल्यांना प्राधान्य द्या!"

सबनीसांनी इंजिन बंद केलं. हळूहळू त्यांना सगळं उमगत गेलं: गाड्या, फ्रिज, लोणच्याच्या बरण्या, अकरा वाजता, तळापासून वरपर्यंत. दीडशे बिऱ्हाडं त्यांच्याकडे बघत होती. तोंडातून शब्द फुटेना. विजयश्री मॅडमनी फोन हातात घेतला, दोनशे चौतीस मेसेज पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनाही काय बोलावं ते सुचेना.

तेव्हा गोजाबाई उठल्या. परात बाजूला ठेवली, लाइफ जॅकेट सारखं केलं आणि बोटीतच उभ्या राहून बोलल्या.

"आवो, काय खुळं का काय तुमी? पानी आलं आसतं, तर मी हितं शेंगा सोलत बसले आसते व्हय?"

रांगेतल्या कोणीतरी कवेतली कुंडी खाली ठेवली.

"ही आमची बोट हाय. मीटर बिघडला, म्हनून ह्या सायबाकडं आनली. आमच्या पाच पोरी साळंबिगर घरी बसल्यात. उद्या तपासनीचा सायेब पास करनार आसंल, तर परवा त्या साळंत जात्याल. एवढंच हाय. दुसरं कायबी न्हाई."

ट्यूबमधले आजोबा म्हणाले, "मग झाला का दुरुस्त?"

"झाला!" सबनीसांना एकदम आवाज फुटला. "चालू केलं की बरोबर आठशे फेरे! दाखवू?"

दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सी विंगवाल्यांना नीट दिसलं नव्हतं, म्हणून पुन्हा दाखवलं. उड्डाणपुलावरून गाड्या घेऊन परतलेल्यांनी तक्रार केली, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं दाखवलं. विजयश्री मॅडमनी बोटीच्या कडेला उभं राहून समांतर जोडणीवर वीस मिनिटांचा तास घेतला. फ्रिज खाली उतरवताना मात्र सबनीसांना सगळ्यात जड बाजू देण्यात आली. त्यांनी ती मुकाट्याने उचलली. दुर्गाबाई जाताना लोणच्याची एक बरणी ठेवून गेल्या. "पूर आला नाही, हे तुमच्यामुळेच," असं म्हणाल्या. सुहासिनीबाई यावर बराच वेळ विचार करत होत्या.

सोमवारी सबनीसांनी अर्धी रजा टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून मेदगावच्या काठावर हजर झाले. बोट पाण्यात होती, आणि पाण्यात ती वेगळीच दिसत होती, हलकी, तरतरीत. निरीक्षक बारकेसे, अबोल गृहस्थ होते. त्यांनी लाइफ जॅकेटं मोजली, आग विझवायचं नळकांडं उलटसुलट करून पाहिलं, गोजाबाईंचं बोट चालवायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र वाचलं. मग ते मीटरसमोर थांबले.

"जुना दिसतो."

"पण चालू आहे, साहेब!" सबनीस पुढे सरसावले.

"आकडे सगळेच मीटर दाखवतात हो. खरे आहेत कशावरून?"

सत्तावीस वर्षांत सबनीसांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. "साहेब, बसा बोटीत! पलीकडे जाऊन येऊ. एक आकडा खोटा निघाला, तर मी नोकरी सोडेन!"

"सायेब, आदी मी..." भीमराज काठावरून काहीतरी म्हणू पाहत होता, पण सबनीसांनी त्याला हात धरून बोटीत ओढलं.

गोजाबाईंनी इंजिन चालू केलं. बोट निघाली. समोर आंबेकड्याच्या काठावर पाच ठिपके उभे होते. जवळ जाताजाता त्यांना वेण्या फुटल्या, दप्तरं फुटली. सबनीस मीटरवर बोट ठेवून एकेक आकडा खड्या आवाजात वाचत होते. "फेरे तीन हजार दोनशे! ऐका, इंजिनचा आवाज ऐका! तापमान बहात्तर! बॅटरी चौदा व्होल्ट! एकदम ठणठणीत!"

बरोबर मधोमध इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. आणि गप्प झालं.

अशी शांतता पसरली, की लांबवरच्या टिटवीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. बोट स्वतःभोवती हळूच अर्धी गिरकी घेऊन थांबली. निरीक्षक वाकले, मीटरच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे सबनीसांचं बोट सकाळपासून एकदाही पोचलं नव्हतं.

"इंधन शून्य टक्के," निरीक्षकांनी वाचलं.

"त्येच सांगत व्हतो मी," भीमराज बारीक आवाजात म्हणाला. "काल तुमच्या सोसायटीत लई येळा चालू केलं. डबा भरून आनलाय म्या. तिकडं काठावर हाय."

सबनीसांनी डोळे मिटले. निरीक्षकांनी खिशातून पेन काढल्याचा आवाज त्यांना आला. मग कागदावर खरखर. त्यांना वाटलं, झालं! दिवाळीनंतर! रखमाचं ते नवं कव्हरही त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"आकडा खरा निघाला," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "आता वल्ही कुठे आहेत ते दाखवा."

वल्ही फळीखाली होती. एक भीमराजने घेतलं, दुसरं सबनीसांनी. सबनीसांनी जन्मात वल्हं धरलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं बोट जागच्या जागी गोल फिरली. गोजाबाई सुकाणूवरून ओरडत होत्या, "सायेब, पान्यात घाला, पान्यात! वारा काय घालताय!" शेवटी निरीक्षकांनी पँटचे पाय दुमडले, बाह्या सरसावल्या आणि सबनीसांच्या वल्ह्याला हात लावला. आंबेकड्याच्या काठावर पोरी पोट धरून हसत होत्या. त्यातल्या सगळ्यात उंच पोरीने परकर खोचून पाण्यात पाऊल टाकलं आणि बोटीची दोरी झेलली.

परवाना बुधवारी हातात पडला. शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इंजिनाचा मीटर अचूक. वल्ही दोन, तीही वापरून तपासली.'